अपस्माराचा आलेख आणि कर्त्याचा प्रश्न

टेम्पोरल लोब हा मेंदूचा भाग कानशिलाच्या आत असतो. हिप्पोकॅम्पस आणि अमिग्डाला जिथे आहेत ती त्याची आतली बाजू कवटीच्या तळाजवळ, डोक्याच्या पृष्ठभागापासून बरीच खोल दडलेली आहे. भीती, वास, आठवण आणि ‘हे पूर्वी एकदा घडून गेले आहे’ असे वाटणे, या सगळ्यांशी तिचा जवळचा संबंध आहे. प्रौढांमध्ये मेंदूच्या एकाच ठिकाणाहून सुरू होणारे अपस्माराचे झटके सर्वाधिक इथूनच उठतात. अशा झटक्यात हातपाय झाडणे, तोंडाला फेस येणे यांपैकी काही होईलच असे नाही. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखे वाटते, विनाकारण जीव घाबरतो, जळका किंवा कुजका वास येतो. माणूस एक-दोन मिनिटे टक लावून बघत राहतो, ओठ चाटतो, सदऱ्याची बटणे चाचपतो, आणि नंतर त्याला त्यातले फारसे काही आठवत नाही. घरचे लोक याला कधी विक्षिप्तपणा म्हणतात, कधी बाहेरची बाधा. दवाखान्यात कधी पॅनिक अटॅक असे निदान होते, कधी स्किझोफ्रेनिया. मनोविकारांच्या वॉर्डातल्या एखाद्या रुग्णाला खरे तर अपस्मारच आहे का, हा प्रश्न म्हणूनच वरचेवर निघतो. तो सोडवायला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख, काढतात. पण त्यामागोमाग दुसरा, जुना प्रश्न येतो. ती कृती, ती भीती किंवा ते दर्शन मेंदूतल्या विजेच्या उसळीतून आले असे ठरले, तर त्याचा कर्ता कोण?

नेहमीच्या ईईजीत इलेक्ट्रोड कुठे लावायचे याची ‘टेन-ट्वेंटी’ पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली प्रसिद्ध केली. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेपने अंतर मोजायचे, त्याच्या दहा आणि वीस टक्क्यांवर खुणा करायच्या आणि तिथे पेस्टने इलेक्ट्रोड चिकटवायचे. कानांवरचे दोन धरून ते २१ होतात. रुग्णाला आदल्या दिवशी केस धुऊन, तेल न लावता यायला सांगतात. पुष्कळदा रात्री जागरणही करायला लावतात, कारण डुलकी लागली की अपस्माराच्या खुणा जास्त उमटतात. एवढे करूनही या पद्धतीचे कानाजवळचे इलेक्ट्रोड टेम्पोरल लोबच्या बाहेरच्या, वरच्या बाजूवरच बसतात. तळ आणि आतली बाजू सुटून जाते. त्यात कवटीचे हाड विजेला सहज वाट देत नाही. डोक्याच्या कातडीवर एखादा स्पाइक, म्हणजे आलेखातले ते टोकदार शिखर, दिसायचे तर मेंदूच्या पृष्ठभागाचा सहा ते दहा चौरस सेंटिमीटर तुकडा एकाच क्षणी उसळावा लागतो. हिप्पोकॅम्पसमधली उसळ त्याहून लहान असेल तर कागद कोराच राहतो. वाड्याच्या ओट्यावर बसून माजघरातले कुजबुजणे ऐकू पाहावे, तशी ही गत आहे.

खास जागी बसवलेले इलेक्ट्रोड निघाले ते या अडचणीतून. त्यातला एक प्रकार नाकातून घालायचा. बाकदार, लवचीक तारेच्या टोकाला चांदीचा बारीक गोळा असतो. ती नाकपुडीतून घशाच्या वरच्या भागापर्यंत सरकवली की तो गोळा टेम्पोरल लोबच्या तळाच्या बराच जवळ जातो. पॉल मॅकलीन यांनी १९४९ साली अशा तारेचे वर्णन प्रसिद्ध केले. मॅकलीन त्या काळात बोस्टनला मनोविकार आणि मेंदू यांच्या सीमेवर काम करत होते आणि भावनांचे घर मेंदूच्या याच जुन्या, आतल्या भागात आहे असे मांडत होते. म्हणजे ही तार निव्वळ तंत्राच्या हौसेतून आलेली नव्हती, तिच्यामागे मनाविषयीचा एक सिद्धान्त उभा होता. दुसरा प्रकार स्फेनॉइडल. गालाच्या हाडाच्या कमानीखालून, कानाच्या थोडे पुढे, सुईने बारीक तार तीन-चार सेंटिमीटर आत सोडतात आणि सुई काढून घेतात. तार काही दिवस तशीच राहू शकते. तिसरा प्रकार फोरामेन ओव्हालेचा. कवटीच्या तळाशी जबड्याच्या नसेसाठी जे नैसर्गिक छिद्र आहे, त्यातून तार थेट हिप्पोकॅम्पसच्या शेजारी नेतात. झुरिचच्या हाइन्झ ग्रेगोर वीझर यांनी १९८० च्या दशकात ही पद्धत रुळवली. त्याच्याही पुढे, मेंदूच्या आत सुया रोवण्याची पद्धत पॅरिसच्या सेंट-आन रुग्णालयात तालेराक आणि बांको यांनी आधीच घडवली होती.

यांपैकी सर्वांत साधी युक्ती सर्वांत उशिरा मान पावली. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कानाचे छिद्र यांना जोडणारी रेघ धरायची, कानाकडून तिच्या एक तृतीयांशावर जायचे आणि तिथून एक सेंटिमीटर वर कातडीवरच इलेक्ट्रोड लावायचा. डॅनियल सिल्व्हरमन यांनी १९६० साली सुचवलेली ही जागा आज टी-१ आणि टी-२ या नावांनी ओळखली जाते. नाकातल्या तारेची आणि या साध्या इलेक्ट्रोडची पुढे तुलना झाली, तेव्हा नाकातल्या तारेची बाजू फारच लंगडी पडली. श्वास, गिळणे आणि नाडीचे ठोके यांनी तिचा आलेख हलत राहतो. नाकात तार असताना झोप लागत नाही, आणि झोप तर हवीच असते. शिवाय तिला दिसणारे बहुतेक स्पाइक टी-१, टी-२ लाही दिसतात. २०१७ साली क्लिनिकल न्यूरोफिजिऑलॉजीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने नेहमीच्या ईईजीतच कानाच्या पातळीखालची इलेक्ट्रोडांची रांग धरावी, एकूण संख्या २५ करावी, अशी शिफारस केली. मनोविकाराच्या रुग्णाच्या बाबतीत ही गोष्ट जास्तच मोलाची आहे. कोणीतरी आपल्या डोक्यात यंत्र बसवले आहे, अशा भ्रमाने पछाडलेल्या माणसाला नाकातून तार घालायची आहे असे सांगणे म्हणजे त्याच्या भ्रमाला पुरावा पुरवणे होय.

तार जवळ गेली आणि स्पाइक दिसला, तर पुढे काय? इथे तीन निराळे प्रश्न नेहमी एकात कालवले जातात. स्पाइक आहे का, हा एक. या माणसाला अपस्माराचे झटके येतात का, हा दुसरा. आणि याची ही विशिष्ट कृती त्या झटक्यातून आली का, हा तिसरा. पहिल्याचे उत्तर ‘हो’ आले म्हणून दुसऱ्याचे ‘हो’ येत नाही. सुदृढ तरुणांच्या मोठ्या तपासण्यांत, उदाहरणार्थ विमानदलात भरती होणाऱ्यांत, हजारी चार-पाच जणांच्या आलेखात अपस्मारासारख्या खुणा सापडल्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे कधी झटका आलेला नाही. मनोविकारांच्या रुग्णांत हे प्रमाण जास्त, दोन-तीन टक्क्यांच्या आसपास दिसते. पण त्यात क्लोझापीनसारखी औषधे घेणारेही आले, आणि क्लोझापीन स्वतःच ईईजी बिघडवते, कधी झटकेही आणते. उलट बाजूने, ज्याला खरोखर अपस्मार आहे त्याचा पहिला ईईजी साधारण निम्म्या वेळा स्वच्छ येतो. औषधाचा गुण आला म्हणून निदान खरे, हाही युक्तिवाद टिकत नाही. व्हॅल्प्रोएट आणि कार्बामॅझेपीन ही अपस्माराची औषधे मनःस्थितीच्या चढउतारांवरही चालतात, मग रुग्ण सुधारला तो कशामुळे हे त्यातून कळत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचा सर्वांत गाजलेला घोळ डॅलसच्या न्यायालयात झाला. २४ नोव्हेंबर १९६३ रोजी जॅक रूबीने टीव्हीच्या कॅमेऱ्यांसमोर राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या खुनाचा आरोप असलेल्या ली हार्वे ऑस्वाल्डवर गोळी झाडली. पुढच्या वर्षी खटला उभा राहिला तेव्हा वकील मेल्विन बेली यांनी बचाव घेतला की रूबीला सायकोमोटर अपस्मार (टेम्पोरल लोबच्या अपस्माराचे जुने नाव) आहे आणि गोळी झाडताना तो भानावर नव्हता. साक्षीला फ्रेडरिक गिब्ज आले. ईईजीच्या क्षेत्रातले हे फार मोठे नाव. १९३५ साली बोस्टनमध्ये लहान झटक्यांचा सेकंदाला तीन लहरींचा नमुना दाखवणाऱ्या मंडळींत ते होते. रूबीच्या आलेखात आपल्याला ‘सायकोमोटर व्हेरिअंट’ हा दुर्मीळ नमुना दिसतो, असे त्यांनी सांगितले. ज्यूरीने अडीच तासही न घेता १४ मार्च १९६४ रोजी त्याला दोषी ठरवले. शिक्षा पुढे १९६६ साली वेगळ्याच कारणांनी रद्द झाली आणि फेरसुनावणीआधीच, जानेवारी १९६७ मध्ये, रूबी वारला. ईईजीच्या दृष्टीने या गोष्टीचा शेवट मात्र न्यायालयाबाहेर झाला. तो नमुना आज निरुपद्रवी समजला जातो. डुलकीत असलेल्या निरोगी माणसांतही तो दिसतो आणि त्याचा अपस्माराशी संबंध जोडत नाहीत. तरुणांच्या रागीटपणाशी एके काळी जोडलेल्या ‘चौदा आणि सहा’ लहरींच्या नमुन्याचेही तेच झाले. गिब्ज अप्रामाणिक होते असे मुळीच नाही. टोक दिसले की त्यामागे रोग असणार, आणि रोग असेल तर कृत्य त्याचेच असणार, अशी साखळी त्या पिढीच्या हाडीमांशी खिळली होती.

ही साखळी उलटी करणारे निरीक्षण स्वित्झर्लंडमधून आले. हाइनरिख लांडोल्ट यांनी १९५० च्या दशकात काही अपस्माराच्या रुग्णांची नोंद केली. झटके थांबले आणि आलेख स्वच्छ झाला की नेमके त्याच दिवसांत त्यांना भ्रम होऊ लागत. आलेख पुन्हा बिघडला की मन ताळ्यावर येई. त्यांनी याला जबरीने झालेले सामान्यीकरण म्हटले. याच्या कितीतरी आधी बुडापेस्टच्या लाडिस्लास मेडुना यांनी अपस्मार आणि स्किझोफ्रेनिया एकमेकांना मारतात या समजुतीवर १९३४ साली कापराची सुई देऊन मुद्दाम झटके आणायला सुरुवात केली होती. शॉक देण्याच्या उपचाराची वाट तिथूनच निघाली. मेडुनांचा सिद्धान्त त्या स्वरूपात टिकला नाही. १९६३ साली लंडनच्या स्लेटर आणि बिअर्ड यांनी उलट पुष्कळ वर्षांच्या अपस्मारानंतर स्किझोफ्रेनियासारखा विकार जडलेले ६९ रुग्ण मांडले. दोन्ही बाजूंचा पुरावा खरा आहे. त्यातून एवढेच निघते की स्पाइक आणि वेड यांच्यात नाते आहे, पण ते कार्य-कारणाच्या सरळ दोरीचे नाही. स्पाइक हेच वेडाचे मूळ मानावे, तर स्पाइक गेल्यावर वेड यावे हे कोडे उलगडत नाही.

म्हणून कसोटी वेगळी लावावी लागते. झटक्यांच्या मधल्या काळातला स्पाइक नव्हे, तर प्रत्यक्ष प्रसंग आणि आलेख एकाच वेळी टिपले गेले पाहिजेत. व्हिडिओ ईईजीत कॅमेरा आणि इलेक्ट्रोड दोन्ही अनेक दिवस चालू ठेवतात ते यासाठी. भीतीचा झटका आला त्या सेकंदाला आलेखात सरकत जाणारी, वाढत जाणारी लय दिसली, तर भीती अपस्माराची. दिसली नाही, तर मात्र उत्तर लगेच मिळत नाही. भान शाबूत असलेल्या लहान झटक्यांत कातडीवरचा ईईजी बहुतेक वेळा गप्पच असतो. तो गप्प राहिला म्हणून रुग्णाला ढोंगी ठरवणे हा अन्याय, आणि हा अन्याय दवाखान्यांत सर्रास होतो. दुसऱ्या टोकाचे उदाहरण २०१७ साली मॅसॅच्युसेट्सहून आले. अल्झायमरच्या दोन रुग्णांना फोरामेन ओव्हालेतून इलेक्ट्रोड बसवले, तेव्हा हिप्पोकॅम्पसमध्ये झटके होत असल्याचे दिसले. त्या वेळी डोक्यावरचा आलेख स्वच्छ होता आणि बघणाऱ्याला रुग्णात काहीही वावगे जाणवत नव्हते. कोणालाच, कदाचित त्या रुग्णालाही, न कळणारा झटका हा मनाचा प्रसंग मानायचा की केवळ मेंदूचा, याचे उत्तर कुठलाही इलेक्ट्रोड देऊ शकत नाही.

कायद्याला मात्र उत्तर द्यावेच लागते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेचे कलम ८४, आता भारतीय न्याय संहितेचे कलम २२, असे विचारते की त्या क्षणी त्या माणसाला आपण काय करतो आहोत आणि ते चूक आहे हे कळण्याची शक्ती होती का. कारण मेंदूतले की मनातले, हे ते विचारत नाही. इंग्लंडमध्ये सलिव्हन खटल्यात हा मुद्दा टोकाला गेला. सायकोमोटर झटक्यात एका वृद्ध ओळखीच्या माणसाला लाथा मारल्याचा सलिव्हन या माणसावर आरोप होता, आणि कृती झटक्यातली होती हे डॉक्टरांनाही मान्य होते. तरीही १९८३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले की हे कायद्याच्या अर्थाने वेडच. बुद्धी, स्मृती आणि समज बिघडली की कारण शरीरातले आहे का, तात्पुरते आहे का, हा प्रश्न गौण. वेडा ठरण्यापेक्षा सलिव्हनने आधीच गुन्हा कबूल करणे पत्करले होते. निर्णय तर्काला धरून आहे, पण त्याची फळे विचित्र आहेत. ज्याने काहीच ठरवून केले नाही, त्याच्यापुढे गुन्हेगार किंवा वेडा एवढ्या दोनच पाट्या उरल्या. भारतात वेड आणि अपस्मार यांचे जोडपे विवाहाच्या कायद्यातही होते. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात वधूवरांच्या अपात्रतेच्या अटींत वेडेपणाशेजारी अपस्मार बसला होता. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढला गेला. फिट आली की नाकाशी कांदा किंवा चप्पल धरणाऱ्या घरांत स्थळ बघताना मात्र ती अट अजूनही न बोलता पाळली जाते.

ईईजीला मनाचा साक्षीदार करण्याचा मोह महाराष्ट्रातही झाला. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात दोषसिद्धी करताना मेंदूच्या विद्युत नोंदींवर आधारलेल्या चाचणीचाही आधार घेतला. आरोपीला ‘अनुभवातून आलेली’ माहिती आहे, असे त्या चाचणीतून काढले गेले होते. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीशिवाय करणे घटनाबाह्य ठरवले. तिथला प्रश्न अपस्माराचा नव्हता, पण चूक डॅलससारखीच होती. लहर आहे यावरून अर्थ काढला गेला.

धर्माच्या प्रांतात हा प्रश्न सर्वांत जुना आहे आणि सर्वांत घाईने मिटवला जातो. ‘पवित्र रोगा’वरच्या ग्रीक ग्रंथाने इसवी सनापूर्वीच बजावले होते की अपस्मार इतर रोगांहून जास्त दैवी नाही, त्याचे मूळ मेंदूत आहे. चरकसंहितेच्या निदानस्थानात उन्माद आणि अपस्मार यांची प्रकरणे लागोपाठ येतात. तिथे बाहेरून लागणाऱ्या उन्मादाची चर्चा आहे, पण देव, गंधर्व, राक्षस हे माणसाला आपण होऊन पिडत नाहीत, त्याची स्वतःची बुद्धीची चूक, प्रज्ञापराध, हेच मूळ, असा निर्वाळाही आहे. दोष बाहेरच्यावर न टाकण्याचा हा आग्रह आधुनिक वाटतो, पण त्याने भार रुग्णाच्याच डोक्यावर जातो. टेम्पोरल लोबचा झटका दोन्ही बाजूंची पंचाईत करतो. तो ना बाहेरच्याचा, ना त्या माणसाच्या बुद्धीच्या चुकीचा.

१९७० साली ब्रिटनच्या ड्यूहर्स्ट आणि बिअर्ड यांनी टेम्पोरल लोबच्या अपस्मारासोबत अचानक धर्मांतराचा अनुभव आलेले सहा रुग्ण मांडले. त्यातला एक बस कंडक्टर होता. तिकिटांचे पैसे गोळा करता करता त्याला एकाएकी वाटले की आपण स्वर्गात आहोत, आणि तो आनंदाने प्रवाशांना ते सांगत सुटला. त्यानंतर तो श्रद्धावान झाला. काही वर्षांनी त्याला लागोपाठ तीन दिवस झटके आले, आणि त्यानंतर त्याने जाहीर केले की आता डोके साफ झाले, स्वर्ग-नरक काही नाही. पहिल्या अर्ध्या गोष्टीचा दाखला देऊन श्रद्धेला रोग म्हणणारे दुसरी अर्धी गोष्ट सांगायची विसरतात. झटक्यातून आली म्हणून श्रद्धा खोटी, तर झटक्यातून आलेली अश्रद्धाही तेवढीच खोटी ठरते.

विल्यम जेम्स यांनी एडिंबरा इथल्या गिफर्ड व्याख्यानांत, १९०१-०२ साली, या युक्तिवादाची हवा आधीच काढली होती. संत पॉलला दमास्कसच्या वाटेवर झालेले दर्शन म्हणजे निव्वळ अपस्मार, असे म्हणण्याला त्यांनी वैद्यकीय जडवाद म्हटले. प्रत्येक मनःस्थितीला, नास्तिकाच्याही, शरीरात काही ना काही बैठक असतेच. मग बैठक सापडणे हे एकाच मताविरुद्ध कसे वापरता येईल? अनुभवाची किंमत त्याच्या फळांवरून करावी, असे त्यांचे म्हणणे होते. यातही पळवाट आहे. फळे गोड असली की दर्शन खरे ठरत नाही, एवढेच ठरते की ते उपयोगी पडले. तरी मूळ मुद्दा अभेद्य आहे. २०१३ साली मेंदूच्या इन्सुला या भागाला खोलवरच्या इलेक्ट्रोडने चेतवल्यावर एका रुग्णाला आनंदाची उकळी फुटल्याचे फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या डॉक्टरांनी नोंदवले. अशा आनंदाचे यंत्र त्यातून कळते. त्या आनंदात जे जाणवले ते खरे आहे का, हा प्रश्न होता तिथेच राहतो.

मराठी मुलखात जत्रेत किंवा नवरात्रात अंगात येते, त्याला सरसकट फिट म्हणण्याची सुशिक्षितांची सवय याच घाईची आहे. संबळ-हलगीच्या ठेक्यावर, ठरलेल्या जागी, लोकांच्या प्रश्नांना उत्तरे देत तास-दीड तास चालणारी आणि आरती झाली की ओसरणारी अवस्था ही टेम्पोरल लोबच्या दोन मिनिटांच्या, ठेका न पाळणाऱ्या झटक्यासारखी नसते. वारे खरे की नाटकी हा वाद निराळा. तो ईईजीने मिटणार नाही. एखाद्या बाईच्या अंगात येते ते मात्र वेळीअवेळी, भांडी घासताना, झोपेतून उठताना, ओठ चाटत आणि भान हरपून येत असेल, तर तिला देवऋषाकडून काढून आधी ईईजीच्या खोलीत न्यावे.

तिथे कोणते इलेक्ट्रोड लावायचे, हाही शेवटी नीतीचा प्रश्न होतो. न्यू ऑर्लिन्सच्या टुलेन विद्यापीठात रॉबर्ट हीथ यांनी १९५० पासून पुढे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या मेंदूत खोल इलेक्ट्रोड रोवले आणि वेडाच्या भरात आतल्या भागात स्पाइक उठतात असे मांडले. त्यांच्या प्रयोगांवर पुढे कडक टीका झाली, आणि त्यातला मोठा भाग संमतीविषयी होता. भारतात २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मनोविकार असलेल्या माणसालाही निर्णयक्षमता आहे असेच धरून चालतो. दिलेली माहिती त्याला समजते का, होकार-नकाराचा परिणाम कळतो का आणि तो आपला निर्णय सांगू शकतो का, हे त्या त्या निर्णयापुरते पाहायचे. आजची रीत त्याला धरून आहे. आधी जागरण, झोपेतला ईईजी आणि कातडीवरची खालची रांग, मग व्हिडिओ. स्फेनॉइडल, फोरामेन ओव्हाले किंवा खोलवरचे इलेक्ट्रोड शस्त्रक्रिया करायचा विचार पक्का असेल तरच. केवळ या माणसाचे वागणे कुठून येते हे जाणून घेण्यासाठी कोणाच्या गालातून सुई घालण्याचे समर्थन होत नाही.